चौतिसावं वर्ष

दुपारचे बारा वाजले आणि शर्वाणी तेलंगने दीपगृहातला काळा फोन उचलला. समुद्राखालच्या एका जुन्या तारेतून आवाज बावीस वर्षं मागे जातो, हा शोध कोरियात लागला तेव्हा सरकारने त्याचं काय केलं? हवामानाच्या नोंदी मागवल्या. पलीकडे २०१९ मधला दीपगृहरक्षक ओ ग्यू-हान वाऱ्याचा वेग सांगायचा, अलीकडे २०४१ मध्ये त्याच दीपगृहात साताऱ्याची शर्वाणी तो टिपून घ्यायची. रोज दहा मिनिटं. वाऱ्याचा वेग सांगायला एक मिनिट पुरतं. उरलेल्या नऊ मिनिटांत वर्षभरात प्रेम जमलं.

नियम कडक होता. पुढचं काही सांगायचं नाही, पलीकडच्या माणसाची इथे चौकशी करायची नाही. केली की तार कायमची बंद.

पण दाराबाहेरचा दगड वाचायला मनाई नव्हती. ‘ओ ग्यू-हान, वय चौतीस. वादळात होडीतल्या तिघांना वाचवताना मृत्यू.’ खालची तारीख खाऱ्या वाऱ्याने खाल्ली होती. ग्यू-हानने आपलं वय बत्तीस सांगितलं होतं. अजून दोन वर्षं आहेत, अशी मनाची समजूत घालत शर्वाणी गप्प राहिली.

आज एक जानेवारी होती.

"नव्या वर्षाचं तांदळाच्या वड्यांचं सूप प्यायलो," तो म्हणाला. "चौतिसावं लागलं."

"बत्तीस ना?"

"ते तुमच्या मोजणीने. तुला सोपं जावं म्हणून सांगितलेलं. आमच्याकडे मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि नव्या वर्षाला सगळ्यांचंच एक वाढतं."

दगडावर त्याच कोरियन मोजणीचं वय होतं; म्हणजे मृत्यू याच वर्षी.

शेजारी ऐकत बसलेल्या पर्यवेक्षिका सो मी-रान यांनी तार तोडायच्या कळीवर बोट ठेवलं. "बोलू नका. त्या होडीत मी होते, तेरा वर्षांची. तो आला नाही, तर मी नाही."

"येऊ नको म्हणतंय कोण?" शर्वाणी फोनकडे वळली. "ग्यू-हान, या वर्षी वादळात एक होडी बुडेल. तू जाशीलच. जा. पण कमरेला दोर बांध आणि परत ये. आता ही तार बंद करतील. करू देत. तू जिवंत असलास तर मला तार हवीय कशाला?"

"कुठला दिवस?"

ते तिला माहीत नव्हतं. तिने सो बाईंकडे पाहिलं. "ज्याने जीव दिला त्याच्यापेक्षा नियम मोठा?"

बाईंनी तिच्या हातातून फोन ओढला. "एकवीस ऑगस्ट, सकाळी. एक दोर तुटतो. दोन बांधा." मग त्यांनी स्वतःच कळ दाबली.

फोन मुका झाला. बाहेरचा दगड बघायला शर्वाणीने दाराच्या कडीला हात घातला, पण उघडायचा धीर होईना.

"तो दोर," तिने विचारलं, "कुठे तुटला होता?"

सो बाईंनी वळून पाहिलं. "तुटला? कधी तुटला? दोन्ही दोर तर शाबूत होते."