जवळचं मोठं दिसतं

टिपूरने काचेला नाक लावलं आणि पडद्यावर नाकच नाक झालं. काळं, ओलं, झऱ्याकाठच्या कातळासारखं. कान कुठेतरी क्षितिजावर, शेपटीचा नुसता ठिपका.

हेमांगी पडद्याकडे वळली. "नऱ्या, केवढं मोठं दिसतंय रे!"

"घाबरू नकोस. नाक टेकवल्यावर साध्या भिंगातूनही असंच दिसेल," कॅमेऱ्यामागून नरहर कोळंबकर म्हणाला.

कॉलेजपासूनचे सोबती दोघं. प्रयोगशाळेतलं हे अतिविस्तृत स्थिरनाभी भिंग त्यांनीच घडवलेलं. त्यातून दृश्य जवळ ओढता येत नाही. आपणच जवळ जायचं. म्हणून चाचणीला पाळीव प्राणी. माणसं कॅमेऱ्यापुढे अवघडतात, कुत्री-मांजरं हुंगत हुंगत थेट काचेशी येतात.

कडांचा धूसरपणा घालवायला त्यांनी भिंगात कालस्फटिक बसवला. धूसरपणा गेला, पण खोलीच्या पार टोकाचा पोपट छायाचित्रात गिधाडाएवढा आला. दुसऱ्या सकाळी तो पिंजऱ्यात दांडीखाली पडलेला होता. मग ससा. मग शिपाईमामांची मांजर.

"साधं भिंग जागेतलंच अंतर जाणतं," नरहरने तेव्हा उलगडून सांगितलं होतं. "जवळचं फुगवतं, लांबचं आक्रसवतं. हा स्फटिक काळातलंही जाणतो. ज्याचा शेवट जवळ, ते मोठं."

"मग कशामुळे मोठं दिसतंय, हे ओळखायचं कसं?"

"लांब न्यायचं. जागेमुळे असेल तर लहान होईल. काळामुळे असेल तर नाही व्हायचं. काळापासून मागे सरता येतं होय?"

आज तीच परीक्षा टिपूरची. हेमांगीच्या या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडात खडे झाले होते. ऑपरेशन करायचं, की त्याला निवांत जाऊ द्यायचं, हे डॉक्टरांना आजच कळवायचं होतं. तिच्या घरात ती आणि टिपूर, तिसरं कुणी नव्हतं.

हेमांगीने गळपट्ट्याला धरून त्याला समोरच्या भिंतीपाशी, उघड्या दारालगत नेलं. "बस रे माझ्या चांदण्या, बस."

नरहरने कॅमेऱ्याला डोळा लावला. "अगं, केवढासा झालाय! सावरीची म्हातारी जशी! खुशाल करा ऑपरेशन, बाईसाहेब. तुला-मला पोचवून मग जाईल हा!"

हेमांगी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आता हात काढ तेवढा. चौकटभर हातच दिसतोय."

तिने हात काढला.

"हेमे, बाजूला हो ना. कुत्रा झाकला गेला."

ती दाराबाहेर गेली. "आता?"

"छे! मागे जा की जराशी."

ती मागे मागे जात राहिली. ओसरत्या उन्हात लांबलचक मार्गिका, शेवटी खिडकी. तिथून टिपूर तिला दाण्याएवढा दिसत होता. पाठीला खिडकीचे गार गज लागले.

"थट्टा पुरे गं!" आतून नरहर ओरडला. त्याचा डोळा अजून काचेलाच होता. "काचेवर बोटं कशाला ठेवतेस? तळव्यावरच्या रेषासुद्धा मोजता येतायत!"

हेमांगीने आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग तिथूनच हाक दिली, अंगणातून घरात द्यावी तशी:

"नऱ्या, औषध तो दूधभातातूनच घेतो हं. नुसतं दिलं, तर थुंकून टाकतो."