फोन उचल गाढवा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती तर शेवट वेगळा केला असता.

आणि रात्रही नव्हती. शनिवार होता, दुपारचे अडीच. भुतांना घड्याळ कळत नसावं.

वायफायच्या चिप तपासणं हे माझं काम. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी एक पोलादी खोली आहे. आतून भिंतभर काळ्या फोमचे सुळके आणि एक जाडजूड दार. दार लागलं की बाहेरचा एकही सिग्नल आत येत नाही. आम्ही सोडू तेवढाच असतो, म्हणून चिपचे कान किती तिखट आहेत ते नीट मोजता येतं.

नियम एकच. आपला फोन बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. वाजला तर लॅबचे तंत्रज्ञ काका बटण दाबतात, आत लाल दिवा लागतो.

"अरे, दार लागलं की तू या जगात नसतोस," काका म्हणायचे.

मला तेच हवं असायचं. कारण ताई.

आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. दिवसाला दहा फोन. "छत्री नेलीस का? गॅस बंद केलास का?" मी वैतागायचो. तिला हॉटस्पॉट लावायला मीच शिकवलं, तर बाईसाहेबांनी आपल्या नेटवर्कला नाव दिलं, 'फोन उचल गाढवा'. घरी लॅपटॉप उघडला की आधी हेच दिसायचं.

गेल्या वर्षी एका सकाळी आमचं कडाक्याचं वाजलं. त्या दिवशी मी फोन ट्रेमध्ये ठेवला नाही. खिशात घालून आत गेलो.

मुद्दाम.

तीन तासांनी बाहेर आलो, फोनला रेंज आली... ताईच्या सात मिस्ड कॉलचे मेसेज.

ती घरी एकटी होती. छातीत कळ आली होती. शेजारणीने दार उघडलं तेव्हा ताई गेलेली होती, फोन हातातच होता.

तर तो शनिवार. नवी चिप होती, आत मी एकटाच. फोन ट्रेमध्ये. आता मी विसरत नाही.

दार लावलं. चिपला जोडलेल्या कॉम्प्युटरवर आसपासच्या नेटवर्कची यादी रिकामी असायला हवी. रिकामीच होती.

मग एक ओळ आली...

फोन उचल गाढवा. मायनस ८८.

हा आकडा म्हणजे सिग्नलचा जोर. शून्याकडे सरकला की समजायचं, फोन जवळ येतोय.

मी दार चाचपलं. घट्ट होतं.

मायनस ७१...

ताईचा फोन घरी कपाटात होता. बॅटरी कधीच संपलेली.

मायनस ५४...

त्या खोलीत स्वतःचा श्वासही मोठा वाटतो. मला चप्पल ऐकू आली. एक पट्टा सैल असलेली. फट्... फट्... नवी घे म्हणून मी तिच्या किती मागे लागलो होतो.

मायनस ३०. म्हणजे हाताच्या अंतरावर.

चप्पल थांबली. आकडाही तिथेच थांबला. दर दहा सेकंदांनी पुन्हा तीच ओळ...

नावापुढे बटण होतं, 'जोडा'. पासवर्ड पाठ होता, माझाच वाढदिवस. फक्त एकदा दाबायचं होतं.

मी माऊसवर बोट ठेवलं... आणि मानेवर गार श्वास लागला.

मी घाबरलो. लहानपणी भीती वाटली की जिच्या कुशीत शिरायचो, त्या माझ्या ताईला मी घाबरलो.

दाराला धडक देऊन बाहेर पळालो.

"काय झालं रे? पांढराफटक पडलायस!" काका धावत आले.

त्यांना स्क्रीन दाखवली. यादी रिकामी होती. पण चाचणीच्या नोंदीत ओळी तशाच होत्या. काकांनी बोट लावून मोजल्या.

सात.

काकांनी दाराचं रबर तपासलं. ठणठणीत. घरी जाऊन मी कपाट उघडलं. फोन बंदच होता, वर धूळ बसलेली.

"ती नोंद पुसू नकोस," एवढंच काका म्हणाले.

आता दर शनिवारी अडीच वाजता मी आत जाऊन बसतो. बोट माऊसवर ठेवलेलं असतं. अजूनही मानेवरचे केस उभे राहतात, पण मी हलत नाही.

यादी रिकामी असते.

ताई, आणखी एकदाच कर ना गं. उचलतो मी.