किल्ल्यावरचं पहिलं गाणं

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा आतेभाऊ, अंबरीष. थापा मारणाऱ्यातला तो नव्हे. उलट इतका कमी बोलतो, की आत्या म्हणायची, याच्या तोंडातून शब्द काढायला सांडशी लागते.

आणि आधीच सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. जपानमधलं डोंगरातलं एक छोटं गाव. शनिवारची संध्याकाळ होती, आणि पुरता अंधारही पडलेला नव्हता.

गावाचं नाव अंबरीषने मला सांगितलंय. मी इथे लिहिणार नाही. दर उन्हाळ्यात तिथे हजारो लोक मजेत जमतात, त्यांना उगाच घाबरवायचं नाही मला.

अंबरीषची नोकरी टोकियोत, तोयोसुच्या एका आयटी कंपनीत, घर भाड्याचं, जवळच्या कावासाकीला. बायको अक्षया आणि मुलगी नुपूर बरीच वर्षं तिथेच होत्या. त्या मार्चमध्ये अक्षयाच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि दोघी पुण्याला परतल्या. अंबरीषचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या मार्चपर्यंत होतं.

"वर्षाचाच तर प्रश्न आहे," सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. नुपूर जपानीत सुरू करायची, मग मराठीत यायची. पुढे शाळा सुरू झाली, मैत्रिणी झाल्या. "बाबा, मी नंतर बोलते हं." तो नंतरचा फोन यायचाच असं नाही. अंबरीष कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून भाताचा डबा आणायचा, टीव्ही लावायचा आणि टीव्हीकडे न बघता जेवायचा.

ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीला एक काम मिळालं. त्या गावातला रॉक कॉन्सर्ट इंटरनेटवरून थेट दाखवायचा.

कॉन्सर्ट व्हायचा किल्ल्यावर. किल्ला म्हणजे आता नुसते दगडी तट आणि खंदक. वरचा लाकडी महाल कधीचाच जळून गेलेला. तटाच्या आत मोठं गवताचं मैदान आहे. चाळीसहून जास्त वर्षं, दर उन्हाळ्यात, तिथे स्टेज उभं राहतं आणि दिवस मावळेपर्यंत गाणी चालतात.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. सगळ्याच कामांना उशीर झाला. दुपारी पाऊस थांबला, पण लोकांना अजून आत सोडलं नव्हतं. मैदान रिकामं होतं.

अंबरीष मैदानाच्या मागच्या तंबूत बसला होता. समोर स्क्रीन, कानाला हेडफोन. प्रेक्षकांचा आवाज टिपायला मैदानात चार माईक लावले होते. तो एकेक तपासत होता.

पहिला माईक. रातकिड्यांसारखी ती जपानी उन्हाळ्याची किरकिर, कान किटवणारी.

दुसरा. तीच किरकिर.

तिसरा. तीच.

चौथा, तटाच्या भिंतीजवळचा...

काहीच नाही.

त्याला वाटलं वायर सैल असेल. त्याने आवाज वाढवला. आणि मग ऐकू आला... श्वास.

कोणीतरी लांबून चालत आलंय आणि आता दम खातंय, तसा.

मग टाळी.

एकाच माणसाची. सावकाश. सुरू करा ना, असं म्हणणारी.

अंबरीषने कॅमेरा तिकडे वळवला. भिंतीजवळ कोणी नव्हतं. ओलं गवत चकाकत होतं. फक्त एका ठिकाणी... एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा... गवत कोरडं होतं.

तेवढ्यात तंबूत मोरिता-सान आल्या. साठी उलटलेल्या बाई, गावातल्याच. हा कॉन्सर्ट पहिल्यांदा भरवणाऱ्या पोरापोरींपैकी त्या एक. त्यांनी टोकियोहून आलेल्या नव्या डायरेक्टरला विचारलं,

"पहिलं गाणं कधी?"

"आज नाही जमणार, मोरिता-सान. आधीच उशीर झालाय. दार उघडतोय."

"दर वर्षी होतं."

"माफ करा. कार्यक्रमात ते कुठेच नाही." तो वाकला आणि वॉकीटॉकीवर बोलत निघून गेला.

मोरिता-सान छत्री हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

अंबरीषने विचारलं, "पहिलं गाणं म्हणजे?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आधी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. त्या कोरड्या जागेकडे. मग शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"पहिल्या वर्षी आम्ही जेमतेम विशीतले होतो," त्या म्हणाल्या. "गावात कोणी तरुण राहत नव्हतं. म्हटलं, किल्ल्यावर गाणी करू, लोक येतील. नगरपालिकेच्या मागे लागून परवानगी काढली. आणि त्याच दिवशी वादळ आलं. गाड्या बंद पडल्या. कोणीच आलं नाही."

"मग?"

"एक मुलगी आली. डोंगरापलीकडच्या गावातून, चालत. रेनकोट घालून त्या भिंतीपाशी बसली. आम्ही म्हटलं, अगं, रद्द झालं. ती म्हणाली, मी थांबते. वाद्यांना वीज देणं शक्य नव्हतं. पोरांनी ताडपत्रीखाली उभं राहून साधी गिटार वाजवली. तिच्या एकटीसाठी. तिने इतक्या टाळ्या वाजवल्या... आम्ही रडलो होतो."

मोरिता-साननी छत्री मांडीवर घेतली.

"आम्ही म्हटलं, आज गावातच राहा. ती नाही म्हणाली. ती घरी पोचलीच नाही. रस्ता खचला होता. पुष्कळ शोधलं. सापडली नाही."

पुढच्या वर्षी ऊन होतं आणि मैदान भरून गेलं. तेव्हापासून दार उघडायच्या आधी रिकाम्या मैदानासमोर एक गाणं व्हायचं. कोणाला सांगून नाही, कुठे लिहून नाही.

"आणि ती... ऐकते?" अंबरीषने विचारलं.

"पाऊस पडून गेला असेल तर तिथलं गवत कोरडं दिसतं. गाणं झालं की तीही जागा ओली होते. एवढंच आम्हाला माहीत." त्या उठल्या. "आज ती वाट बघत बसणार."

बाहेर दार उघडलं होतं.

लोक धावत आले. मैदान बघता बघता भरलं. खांद्याला खांदा लागला. पण अंबरीषच्या स्क्रीनवर, वरून, भिंतीजवळ गर्दीतलं एक भोक स्पष्ट दिसत होतं. तिथे कोणी उभं राहत नव्हतं. माणसं तिथवर यायची आणि बाजूने निघून जायची. जणू तिथे कोणीतरी आधीच बसलंय.

बँडमागून बँड झाले. हजारो लोक ओरडत होते. तीन माईकमधून तो गोंगाट कानात घुसत होता.

चौथ्यात शांतता.

एकदाही टाळी नाही.

सूर्य डोंगराआड गेला. शेवटचं गाणं संपलं. लोकांनी आपापला कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत घातला आणि रांगेने खाली उतरले. मैदानात एक कागदाचा कपटाही उरला नाही. इतकी माणसं येऊन गेली यावर विश्वास बसू नये, इतकं स्वच्छ.

अंबरीष हेडफोन लावून रेकॉर्डिंग तपासत होता. अजून उजेड होता. आणि चौथ्या माईकमधून...

"संपलं?"

मुलीचा आवाज. जपानीत. अगदी हळू.

त्याने हेडफोन काढले. त्याचा सहकारी विश्वजित वायरी गुंडाळत होता.

"विश्वजित, चार नंबरवर कोण आहे?"

"चार नंबर? तो मी मघाशीच काढला. हा काय, पेटीत आहे."

अंबरीषने बघितलं. माईक खरोखरच पेटीत होता. त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावले.

"संपलं का? मी थांबले होते."

अंबरीष मला म्हणाला, "घाबरायला हवं होतं रे. अंगावर काटा आलाही होता. पण त्या आवाजात काय होतं सांगू? रागबिग काही नव्हता. रिकाम्या घरात कोणी बोलतं ना, उत्तर येणार नाही हे माहीत असताना... तसा होता तो."

विश्वजित सामान घेऊन खाली गाडीकडे गेला. बँड केव्हाच निघून गेले होते. मैदानात अंबरीष एकटा.

तो स्टेजवर चढला. माईक नाही, गिटार नाही. तो काही गायक नव्हे. त्याला एकच गाणं पाठ होतं. नुपूरला झोपवताना म्हणायचं, त्याने स्वतःच जुळवलेलं, चांदोबाच्या होडीचं. ना धड चाल, ना धड शब्द.

त्याने ते म्हटलं. मराठीत. रिकाम्या मैदानासमोर.

अर्ध्यात त्याचा आवाज फाटला. कित्येक महिन्यांत त्याने ते म्हटलंच नव्हतं. तरी पुरं केलं.

किरकिर थांबली होती. वारा नाही, पान हलत नव्हतं.

मग भिंतीपाशी... टाळी.

मग पुन्हा, पण मैदानाच्या मध्यावरून.

मग स्टेजच्या अगदी पायाशी.

अंबरीष मागे न बघता तट उतरून खाली आला. गाडीत विश्वजितने विचारलं, "काय रे, पांढरा पडलास?" तो कावासाकीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

इथवर मला त्याने फोनवरच सांगितलं होतं. मला वाटलं, गोष्ट संपली. एकटा राहतो, थकलाय, होतं असं.

मार्च आला. अक्षयाने त्याच्यासाठी कपाट रिकामं करून ठेवलं. नुपूरने दारावर लावायला चित्र काढलं. आणि त्याने कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षं वाढवून घेतलं.

कारण विचारलं तर म्हणाला, काम आहे.

पुढच्या ऑगस्टमध्ये तो त्या गावाला गेला नाही. मोरिता-साननी फोन करून सांगितलं, या वर्षी पहिलं गाणं झालं. त्या स्वतः हजर होत्या. आदल्या रात्री पाऊस पडला होता.

"भिंतीजवळचं गवत आधीपासूनच ओलं होतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. अंबरी-सान... ती तिथे नाहीये."

 

या जानेवारीत तो चार दिवस पुण्याला आला. आम्ही दुपारी गच्चीवर ऊन खात बसलो होतो. बारीक झाला होता, पण चेहरा शांत. मला ती शांतता आवडली नाही.

"घरी काय करतोस रे एकटा?" मी विचारलं.

"गातो."

"कोणासाठी?"

तो खाली रस्त्याकडे बघत राहिला. खालून अक्षयाने चहाला हाक मारली. तो हलला नाही.

"भीती नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"वाटते की. पहिल्या दिवसापासून वाटते," तो म्हणाला. "पण कोणीतरी बसून ऐकतं रे. पूर्ण ऐकतं. मध्येच उठून जात नाही."

मी विषय बदलला.

गेल्या आठवड्यात अक्षयाचा फोन आला. खूप दिवसांनी आवाजात उत्साह होता. बाबा आता बरे आहेत, नुपूरला सुट्टी लागतेय. दोघी कावासाकीला निघाल्यात, त्याला घेऊनच परत येणार.

"त्याला सांगू नका हं भाऊजी. सरप्राइज आहे."

मी रात्रभर विचार केला. सकाळी न राहवून अंबरीषला फोन लावला आणि सांगून टाकलं.



मला वाटलं फोन कट झाला. पण लाइन चालू होती. पलीकडे श्वास ऐकू येत होता. त्याचाच असावा.

मग तो बोलला. अगदी दबक्या आवाजात, खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसा.

"त्यांना म्हणावं, येऊ नका. तिला चालणार नाही."

आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही. अक्षयाची तिकिटं निघाली आहेत, पुढच्या रविवारची. नुपूर मला रोज मेसेज करते, बाबासाठी काय काय नेऊ म्हणून.

मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.