पाठमोरी

दत्ताराम शिगवणच्या दुकानातून माणूस दोन छटा गोरा होऊनच बाहेर पडायचा. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, एका बाजूला सुतारांचा कारखाना आणि दुसऱ्या बाजूला टायरवाला, मध्ये त्याचं बॅनर छापायचं दुकान. पण मूळ धंदा फोटोचा. चिपळूणच्या स्टुडिओत काम शिकताना मालकानं सांगून ठेवलं होतं, की लग्नाच्या मुलीचा फोटो थोडा उजळल्याशिवाय काउंटरवर ठेवायचा नाही. ती सवय दत्तारामच्या हातात मुरली. इथे आल्यावर ब्रश जाऊन माउस आला, एवढाच काय तो फरक. गिऱ्हाइकांनी कधी कुरकुर केली नाही. आहोत त्याहून बरे दिसलो म्हणून भांडायला कोण येतं?

कुरकुर आली ती घरातून. मुलगी श्रिया, शाळेच्या टीमची गोलकीपर, रंगानं थेट बापावर गेलेली. तिचा एकही फोटो बापानं तसाच सोडला नव्हता. त्याला वाटे, हीच माया. जरा कळायला लागल्यावर एकदा ती म्हणाली, "दॅट्स नॉट मी, बाबा." त्याला ते लागलं, पण त्यानं हसण्यावारी नेलं.

त्या आठवड्यात शाळेत मुलींच्या फुटबॉलच्या मॅचेस होत्या आणि बॅनरचं काम दत्तारामकडे आलं होतं. त्यासाठी श्रियानंच एक जुना फोटो शोधून काढला. इंग्लंडमधल्या बायकांची टीम, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. बाईनं फुटबॉल खेळायचा म्हणजे लोक फिदीफिदी हसायचे, त्या काळातली. लांब बाह्यांचे सदरे, घोळदार विजारी, डोक्यावर टोप्या. सगळ्या गोऱ्या, आणि कडेला एक काळी. तीच गोलकीपर. हाताची घडी घालून ती इतकी सरळ बघत होती, की दत्तारामला जरा अवघडल्यासारखं झालं.

"शी इज अ कीपर, बाबा. लाइक मी," श्रिया म्हणाली. "फक्त डाग काढ. तिच्या फेसला हात नको लावू. प्रॉमिस?"

त्यानं प्रॉमिस केलं, आणि अगदी मनापासून केलं.

दुपारी तो कामाला बसला. शेजारी करवत चालू होती, एसी गळत होता, डोक्यात दुसऱ्याच ऑर्डरी घोळत होत्या. डाग गेले, भेगा बुजल्या. भानावर आला तेव्हा कडेची बाई गव्हाळ झाली होती. हातानं आपलं नेहमीचं काम उरकलं होतं. लगेच होतं तसं करायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला ती तशी बरी दिसली. कोणाच्या लक्षात येतंय, असं म्हणून त्यानं फाइल सेव्ह केली आणि चहाला गेला.

परत आला तर बाईचा चेहरा किंचित वळल्यासारखा वाटला. मघाशी दोन डोळे दिसत होते. आता एकच दिसत होता, आणि एक कान.

त्यानं चष्मा पुसला. केलेलं सगळं मागे घेतलं. रंग परत आला, चेहरा आला नाही. मग श्रियानं पाठवलेला मूळ फोटो उघडला. त्यात नुसता गाल होता आणि टोपीची मागची शिवण.

त्यानं मशीनवरच्या रफिकला हाक मारली. रफिक केरळचा, दुकान उघडल्यापासूनचा जोडीदार. तो स्क्रीनजवळ वाकला, नीट पाहिलं.

"इसमें क्या प्रॉब्लेम है, दत्ताभाई? ये तो सीधा आपको देख रही है."

दत्तारामनं बदललेली फाइल बंद केली. हात न लावलेला मूळ फोटोच त्यानं छापायला सोडला. मशीन एकेक पट्टा पुढे सरकवत राहिलं, शाईचा उग्र वास सुटला. टोप्या उतरल्या, मग चेहरे. कडेला मान उतरली, मानेवरचा अंबाडा, सदऱ्याची पाठ.

"मस्त आया," रफिक म्हणाला.

दत्तारामला लाज वाटली. चोरी करून न पकडल्या गेलेल्या माणसाला वाटत असेल, तशी.

सकाळी मैदानाच्या कुंपणावर बॅनर लागलं. श्रिया जर्सी घालून, ग्लोव्ह्ज काखेत धरून त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. मग बापाकडे वळली. घामानं चमकणारे काळेभोर गाल, ओठावर न मावणारं हसू. आपली पोर इतकी देखणी आहे, हे त्याला आत्ता दिसत होतं.

"यू रियली डिडन्ट टच हर, बाबा? एकदापण नाही?"

सांगून टाकता आलं असतं. शब्द तोंडाशी आले होते.

"नाही गं," तो म्हणाला.

"थँक यू," म्हणून ती पळाली.

मॅच सुरू झाली तेव्हा तो गोलच्या मागे उभा होता. जाळीतून तिची पाठ दिसत होती. घट्ट बांधलेले केस, जर्सीवर नाव. बॉल आला, तिनं झेप घेऊन अडवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिचा चेहरा बघावा म्हणून तो कडेकडेनं चालत पुढे गेला.

कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी थांबला. तिची पाठ.

आणखी पुढे, मैदानाच्या मध्यावर. ती बॉलकडे बघत असणार, म्हणजे त्याच्याकडेच. घट्ट बांधलेले केस. जर्सीवर नाव.

तो धावत पार पलीकडच्या गोलमागे गेला, अगदी तिच्या समोर.

पाठ.

बायको मागून आली. अर्चनानं त्याचं कोपर धरलं.

"अहो, कुठे फिरताय असे? बघा ना, कधीची तुमच्याकडे बघून हसतेय ती. हात तरी करा."

दत्तारामनं हात वर केला. तिकडे दोन खांबांच्या मध्ये, त्याच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या पोरीनंही हात वर केला, आणि तळवा पलीकडे ठेवून ती कितीतरी वेळ तो हलवत राहिली.