गार झाल्यावर पुन्हा आवळा

एका पत्राला उत्तर दिलं नाही, तिथून हे सगळं सुरू होतं.

पत्र आलं त्याला अकरा वर्षं झाली. ज्यांना आलं ते माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. ते मोटरसायकलींचं गॅरेज चालवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण कंपनीचं जाडजूड सर्व्हिस बुक शेजारी उघडं ठेवल्याशिवाय ते साधा नटसुद्धा सोडवत नाहीत. बायको म्हणते, दादा पहिला घास घेण्याआधीही सूचना वाचत असेल.

मी स्वतः तिथे नव्हतो. सांगताना मागेपुढे होईल, शब्दही कदाचित अपुरे पडतील. पण मास्तर खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला आधी समोरच्याशी बोलावं लागतं, आणि त्यांना तेच जमत नाही. शिवाय यातली एक खूण मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. ती पाहिली नसती, तर हे लिहिण्याचं धाडस मला झालं नसतं.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले होते आणि गॅरेजचं शटर पूर्ण वर होतं.

पण आधी त्या पत्राचं सांगायला हवं.

मास्तरांकडे एक विम्याचे एजंट यायचे. लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की आवरायचा नाही. गॅरेजमधल्या लाकडी स्टुलावर बसायचे आणि सुरू व्हायचे. मास्तर मान खाली घालून काम करायचे. त्यांचा "हं" सुद्धा मोजून मापून यायचा.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी त्यांच्या गाडीला इंजिनाचा धूर बाहेर सोडणारी नवी एक्झॉस्ट सिस्टीम बसवली. इंजिनाजवळच्या वाकड्या बेंड पाइपपासून सायलेन्सरपर्यंत सगळी नवी. या कामात सर्व्हिस बुकातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची असते. इंजिन चालू करून नळ्या तापू द्यायच्या, बंद करायचं, आणि पूर्ण गार झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळायचे. लोखंड तापून फुगतं, मग आक्रसतं, आणि पक्का वाटणारा नट हळूच सैल होतो. तो गळून पडला तर नळी सुटून चाकात अडकू शकते. गार व्हायला तासभर लागतो.

विमावाले थांबायला तयार होते. मधे त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांनी सांगितलं, तासभर लागेल. फोन ठेवला आणि हसून म्हणाले, "ती म्हणते लागू दे, घाई करू नका."

मग स्टुलावर नीट बसले आणि गोष्ट सुरू केली. एकदा म्हणे नवराबायको फिरायला निघाले आणि भर माळरानात पेट्रोल संपलं...

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. आणखी एक तास! फळीवर एक कादंबरी होती, चाळीस पानं उरलेली. त्यांनी गोष्ट मधेच तोडली.

"तुम्ही निघा. परत आल्यावर आवळू. काही होत नाही."

'काही होत नाही' हे शब्द मास्तर आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते.

तिसऱ्या दिवशी डोंगरातल्या एका वळणावर गाडी घसरली. विमावाले जागच्या जागी गेले. रस्त्यावर वाळू होती, असं कागदावर लिहिलं गेलं. गाडी भंगारात गेली. नळ्या एकमेकींना धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे नट कुणी पाहिले नाहीत. मास्तरही पाहायला गेले नाहीत.

महिन्याने पत्र आलं. विमावाल्यांच्या बायकोचं.

"त्या दिवशी मी त्यांना तुमच्याकडे असताना फोन केला होता. माझ्या फोनमुळे ते घाईने निघाले का? काम अर्धवट राहिलं होतं का? मला कुणी दोष देत नाही. पण झोप लागत नाही. खरं असेल ते कळवा."

खरं एकट्या मास्तरांना माहीत होतं. चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्या बाई सुटल्या असत्या. पण मग मास्तर अडकले असते. त्यांनी अनेकदा कागद घेतला. दरवेळी फाडला. शेवटी पत्र सर्व्हिस बुकात ठेवलं, एक्झॉस्टच्या पानावर.

अकरा वर्षं ते तिथेच होतं.

आता तो मंगळवार.

सकाळी दातांच्या एक डॉक्टरीणबाई गाडी सोडून गेल्या. पन्नाशीच्या, हसऱ्या, एकट्याच लांबवर भटकणाऱ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दहा दिवसांच्या प्रवासाला निघायच्या होत्या. नवी एक्झॉस्ट खोक्यात बंद होती. खोकं खाली ठेवताना म्हणाल्या, "तुमचं बरं आहे काका. तुमचे पेशंट निदान ओरडत तरी नाहीत."

मास्तरांनी जुनी सिस्टीम उतरवली. सांध्यातून धूर गळू नये म्हणून नवी गॅस्केट लावली, बेंड पाइप चढवले, सगळं आधी सैल बसवून मग इंजिनाच्या बाजूने आवळत आले. मधल्या नळीचा क्लॅम्प, ठरावीक जोर झाला की आवाज करणाऱ्या टॉर्क रेंचने आवळला. कट्. पक्का.

मग रबरी हातमोजे घालून त्यांनी सगळ्या नळ्या स्पिरिटने पुसल्या. नव्या नळीवर बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर पहिल्याच तापण्यात तो भाजला जातो. पुन्हा निघत नाही. म्हणून मास्तर दोनदा पुसतात. त्या दिवशी तीनदा पुसल्या.

तीन वाजता इंजिन चालू केलं.

नळी आधी फिकी पिवळी झाली. मग सोनेरी. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

आणि मग... क्लॅम्पजवळ एक तपकिरी डाग उमटला.

त्याच्या शेजारी दुसरा.

तिसरा. चौथा.

खालच्या बाजूने... अंगठा.

चार बोटं आणि अंगठा. रुंद, जाड पंजा. कुणीतरी नळी मुठीत धरावी तसा. डॉक्टरीणबाईंचे हात लहानखुरे. मास्तरांच्या हातात मोजे. आणि नळी इतकी तापलेली, की हात लावला असता तर कातडी तिथेच राहिली असती.

मास्तरांनी इंजिन बंद केलं.

तापलेली नळी गार होताना आवाज करते. टिक... टिक... टिक... हळूहळू अंतर वाढत जातं. पंचवीस-तीस मिनिटं चालतं.

ते आवाज एकदम थांबले.

मास्तरांनी बाहेर पाहिलं. समोरच्या दुकानात टेंपोतून लोखंडी पत्रे उतरवत होते. पत्रे एकमेकांवर आपटताना दिसत होते.

आवाज येत नव्हता.

आणि मागे... स्टूल करकरला.

जड माणूस बसल्यावर करकरतो तसा.

मास्तर वळले नाहीत. समोर नवाकोरा सायलेन्सर होता, आरशासारखा. त्यात मागचा स्टूल दिसत होता. रिकामा. पण त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. रिकामा असताना तो जमिनीला टेकत नाही.

आत्ता तो टेकलेला होता.

"...तर भर माळरानात पेट्रोल संपलं, मास्तर."

आवाज रागाचा नव्हता. रडवेलाही नव्हता. अगदी पूर्वीसारखा. गप्पा मारायला निवांत बसलेल्या माणसाचा. मास्तर मला म्हणाले, त्याचीच जास्त भीती वाटली. ओरडला असता तर पळता आलं असतं.

थोडा वेळ शांतता. कुणीतरी वाट पाहत असल्यासारखी.

मग पुन्हा. "भर माळरानात पेट्रोल संपलं, मास्तर."

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत क्लॅम्पचा नट फिरला. आपोआप. उलटा.

पाव फेरा.

पुन्हा तेच वाक्य. पुन्हा पाव फेरा. आवाज आता स्टुलाकडून येत नव्हता. मानेमागून येत होता. मास्तरांनी रेंच उचलला, पण नळी धगधगत होती आणि तापलेला नट आवळून उपयोग नसतो. त्यांनी रेंच परत खाली ठेवला. समोरच्याला काय हवंय हे त्यांना कळत होतं. एक शब्द हवा होता. गोष्ट सांगणाऱ्याला आपण सहज म्हणतो तो. पण मास्तरांना तो म्हणवेना.

"झालं का, काका?"

डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. शेवटचा पेशंट खुर्ची पाहूनच पळाला म्हणे, म्हणून लवकर आल्या. बाहेरचे पत्रे पुन्हा वाजू लागले होते. बाईंना गाडी लगेच हवी होती. सामान भरायचं होतं, पहाटे निघायचं होतं.

मास्तरांनी मला हे सांगताना मान वर केली नाही. म्हणाले, त्या क्षणी मला एकच वाटत होतं, की ही बाई गाडी घेऊन जावी आणि मी शटर ओढून घरी पळावं. ते जुने शब्द पुन्हा ओठांवर आले होते. काही होत नाही...

मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. गरम.

"नाही," मास्तर म्हणाले. "तासभर थांबावं लागेल. गार झाल्यावर पुन्हा आवळल्याशिवाय गाडी देणार नाही."

बाईंनी कुरकुर केली. पुस्तक वाचून गाडी चालत नाही काका, असा टोमणाही मारला. मास्तर हलले नाहीत. शेवटी बाई स्टूल ओढून बसल्या. आणि लगेच अर्धवट उठल्या.

"इथे आत्ता कुणी बसलं होतं का? स्टूल गरम लागतोय."

मास्तर रेंच पुसू लागले.

बाई प्रवासाचा बेत सांगू लागल्या. कुठून निघणार, कुठे थांबणार. त्यांच्या बोलण्याच्या मधूनच, खालच्या आवाजात, मास्तरांच्या कानापाशी ते वाक्य पुन्हा आलं. भर माळरानात...

"मग?" मास्तर म्हणाले.

बाईंना वाटलं, त्यांनाच विचारलं. त्या खुलून बोलू लागल्या. कानापाशी मात्र एक लांब सुस्कारा ऐकू आला... आणि नट थांबला.

टिक... टिक... नळी पुन्हा बोलू लागली.

तासभर मास्तर "मग?" म्हणत राहिले. आयुष्यात म्हटले नसतील इतक्यांदा. थांबायची त्यांना भीती वाटत होती. बाई गेल्यानंतर समजा पुढची गोष्ट ऐकू आली असती, तर ती एकट्याने ऐकायची त्यांच्यात हिंमत नव्हती.

चार वाजून गेल्यावर नळी गार झाली. मास्तरांनी क्लॅम्पच्या नटाला नुसतं बोट लावलं. तो फिरला. शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. बाईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आणि अशीच नेली असती तर?"

मास्तर खाली वाकले आणि नट आवळू लागले. एकदा, दोनदा, तीनदा.

बाई दहा दिवसांनी सुखरूप परत आल्या. गाडी तपासायला घेऊन आल्या, तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो. मास्तर मला गाडीच्या बाजूला घेऊन गेले आणि बॅटरीचा उजेड नळीवर टाकला.

पंजाचा ठसा तिथे होता. मी स्वतः स्पिरिटने घासून पाहिला. पॉलिश लावून पाहिलं. जराही फिका झाला नाही.

पण मास्तरांनी मला एका हाताचा ठसा सांगितला होता.

तिथे दोन होते.

दोन्ही हातांनी कुणीतरी क्लॅम्प घट्ट धरला होता. बाईंना विचारलं, प्रवासात काही झालं का? म्हणाल्या, छे, गाडी लोण्यासारखी चालली. फक्त सामान मुक्कामावर उतरवून ठेवलं, तरी मागे वजन असल्यासारखं वाटायचं.

ते हात नट सैल करत होते, की सुटू नये म्हणून धरून होते? मी खूप विचार केला. मला ठरवता आलेलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी सर्व्हिस बुकातून ते पत्र काढलं आणि माझ्यासमोर उत्तर लिहिलं. मला वाचायला दिलं, शुद्धलेखन बघ म्हणाले.

"तुमच्या फोनमुळे नाही. तुम्ही त्यांना घाई करू नका असंच सांगितलं होतं, फोन ठेवून त्यांनीच मला तसं सांगितलं होतं. ते थांबायला तयार होते. मला त्यांच्या गप्पा नको होत्या, म्हणून मी त्यांना काम अर्धवट ठेवून पाठवलं. अकरा वर्षं तुम्हाला हे कळवलं नाही, तेही मीच."

खाली पूर्ण नाव, गॅरेजचा पत्ता.

पोस्टाची पेटी चौकात आहे. आम्ही चालत निघालो. मास्तर माझ्या उजव्या हाताला होते, पण जरा लांब. मी जवळ सरकलो की ते आणखी बाजूला व्हायचे. आमच्या दोघांच्या मधे एका माणसाइतकी जागा ते सोडत होते. पूर्ण रस्ताभर.



पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा होता. विमावाल्यांच्या बायको अजून तिथे राहतात का, हयात तरी आहेत का, माहीत नव्हतं. लिफाफा नीट चिकटलाय का, हे मास्तरांनी तीनदा पाहिलं. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं आणि पत्र पेटीत टाकलं.