चाळणीत राहिलेली टकटक

नव्या संचावर माणसाचा आवाज इतका स्वच्छ यायचा, की शालन तायडेंना तो तिसऱ्या दिवशीही खोटाच वाटत होता. मेहुणखेड अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात त्यांनी सव्वीस वर्षं वायरलेस सांभाळला होता. खरखर, शिट्ट्या, मधूनच कुणाचं तरी घुसलेलं गाणं, या सगळ्यातून कामाचं तेवढं वेचायची कानांना सवय झाली होती. जुन्या संचांचे सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून राज्यभर नवी यंत्रणा बसू लागली आणि तिच्यासोबत ‘ध्वनिचाळणी’ आली. बोलणं ठेवायचं, बाकी सगळं गाळायचं, एवढंच तिचं काम. परवा बंबाचा ड्रायव्हर भोंग्याशेजारी उभा राहून ओरडला, तर इकडे तो देवघरात बसून बोलतोय असं ऐकू आलं! सगळे पोट धरून हसले होते.

आज मात्र कुणी हसत नव्हतं. भर दुपारी जिनिंगच्या गोदामातला कापूस पेटला होता. दोन हमाल आत अडकल्याचं कळलं, म्हणून दिगंबर वानखडे तोंडावर मुखवटा आणि पाठीवर हवेची बाटली घेऊन आत शिरला. हमाल दुसऱ्या दाराने केव्हाच बाहेर आले. दिगंबर काही आला नाही.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती: ‘वानखडे. अकरा मिनिटं संपर्क नाही. शेवटचं ठिकाण पूर्व दरवाजा.’

“कक्ष, पूर्वेची भिंत पाडायला जेसीबी लावतोय,” आगीच्या ठिकाणाहून दलप्रमुख थोरात साहेबांचा आवाज आला. “छप्पर खाली येईल, पण इलाज नाही. त्याच्याकडे दहा मिनिटांची हवा उरली असेल.”

दिगंबर गप्प? शालनताई पुण्याहून आलेल्या अभियंता मुलीकडे वळल्या. यंत्रणा मार्गी लागेपर्यंत मैथिली गोरे त्यांच्या शेजारीच बसत होती.

“मॅडम, दिगंबर गप्प बसायचा नाही. तो बटण दाबत असेल.”

“कोणतं बटण?”

“बोलायचंच. मुखवट्यातून बोललं तर हवा जाते आणि शब्द काही कळत नाहीत. म्हणून आमची पोरं नुसतं बटण दाबतात. जुन्या संचावर टक असा आवाज यायचा. दोनदा टक म्हणजे ऐकलं, ठीक आहे. तीनदा म्हणजे अडकलोय, तुम्ही या.”

मैथिली बघतच राहिली. “ताई, यंत्रणा बसवण्याआधीच्या बैठकीत मी स्वतः विचारलं होतं, वायरलेसवर आणखी काय काय चालतं म्हणून!”

“साहेब शेजारी बसले होते हो! रिकामं बटण दाबायला बंदी आहे, दोनदा मेमो निघालेत. मी आपलं नियमपुस्तक म्हणून दाखवलं.” शालनताईंचे डोळे भरून आले. “माझीच जीभ रेटली नाही, बाप्पा.”

मैथिलीने कीबोर्ड पुढे ओढला. न बोलता दाबलेलं बटण चुकून दाबलं गेलं असं चाळणी धरायची आणि ते ठिकाणासकट टाकून द्यायची. पण टाकलेलंही वीस मिनिटं साठून राहत असे. तिने ते लावलं.

ज्वाळांचा धडधडाट, तडतडणारे पत्रे, आणि त्यात टक. टक. टक. जरा वेळाने पुन्हा तेच. एकूण चौदा वेळा हाक मारली होती त्याने. नकाशावर प्रत्येक हाकेचा ठिपका पश्चिमेला पडला होता, वजनकाट्याच्या खोलीमागे.

“साहेब, भिंत पाडू नका! दिगंबर पश्चिमेला आहे, काट्याच्या खोलीमागे!”

“कशावरून?”

“त्यानेच सांगितलंय. हो, बटण दाबून. मेमो नंतर काढा!”

मैथिलीने चाळणी बंद केली. ओळखीची खरखर खोलीभर पसरली आणि शालनताईंना धीर आला. त्यांनी माईकचं बटण दोनदा दाबलं. ऐकलं रे दिगंबर, येताहेत.

पुढची सहा मिनिटं दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. कोण मॅडम आणि कोण ऑपरेटर, याचं भान कुणाला होतं!

टक. टक.

“मिळाला!” थोरात साहेब अक्षरशः किंचाळले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्यांच्यासारखा वाटला. “पाय अडकलाय, पण शुद्धीवर आहे!”

शालनताई पदर तोंडाला लावून रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले, चहा मागवला आणि मैथिलीला एकेक खूण लिहून द्यायला बसल्या. एकूण सात निघाल्या. एकही कुठल्या पुस्तकात नव्हती.

मैथिलीचा चहा मात्र तसाच राहिला.

“ताई, अकरा जिल्ह्यांत ही चाळणी वर्षभर चालू आहे. मागे त्यातल्या एका जिल्ह्यातून असाच ‘संपर्क नाही’चा अहवाल आला होता. तो माणूस वाचला नाही. आम्ही लिहिलं, यंत्रणेत दोष नाही.”

शालनताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “पोरी, तिथल्या बैठकीतही साहेब शेजारी बसले होते का गं?”