विसाव्याचा दगड

सॅक घ्यायला आम्ही भिवंडीत गेलो तेव्हा माझा गुरुवार होता. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण देवूच्या खांद्यासाठी चाललो होतो, म्हणून उपासही जाणवत नव्हता.

देवू माझा नवरा. पडघ्याजवळच्या गोदामात हमाली करायचा, आणि अधूनमधून थोरल्या भावासोबत, विठूभावजींसोबत, रात्रभर डोंगरात शिकारीला जायचा. त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. ससा, कधी डुक्कर. जे मिळेल ते बांबूला बांधायचं आणि दोघांनी खांद्यावरून आणायचं. त्या बांबूने देवूचा खांदा सोलून निघाला होता. मी रोज हळद भरायची, आणि परत गेला की परत तेच.

सुरैयाचाचींचं बॅगांचं दुकान मंडईमागच्या गल्लीत. शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खडखड भिंतीतून आत येत होती.

"कुठं, ट्रेकिंगला?" चाचींनी विचारलं.

"ट्रेकिंगच समजा," देवू म्हणाला.

"वाटलंच. ट्रेकिंगवाले बायको घेऊन येत न्हाईत."

पहिली सॅक जाड कापडाची होती. भिजली की दगड होईल अशी. दुसरीच्या झाकणाला चिकटपट्टी. देवूने ती उघडून बघितली, चर्र आवाज झाला. "ससा दुसऱ्या डोंगरावर जाईल," तो मला हळूच म्हणाला. तिसरी शेवाळी रंगाची. तोंड दोरीने आवळायचं, आत रबरी अस्तर, खांद्याला गादी, कमरेला पट्टा. दाराशी टांगून टांगून उन्हाने एक बाजू विटली होती, म्हणून स्वस्तात मिळत होती.

"हिचं वजन कमरेवर जातं. खांद्याला पत्ता लागत न्हाई," म्हणत चाचींनी ती माझ्याच पाठीवर चढवली, पट्टे ओढले आणि थांबल्या. "बाई, तुझा उजवा खांदा उतरलाय. पाण्याचे हंडे ना? तुला उजवा पट्टा आखूड लागंल." त्यांनी तो आणखी ओढला. सॅक पाठीला अशी बसली, जणू माझ्यासाठीच शिवली होती.

देवू हसला. "ही कसली येते शिकारीला. मटनाच्या भांड्याला शिवत न्हाय ती."

मग पट्टे त्याच्या मापाला सैल केले. जाड कापडाचीच घेऊ का, असं तो एकदा म्हणाला. मीच म्हणाले, हीच घ्या.

आमच्या पाड्याच्या वर, डोंगराची उतरण संपते तिथे वाघोबाचा दगड आहे. शेंदूर लावलेला. रोज सांजेला तिथे दिवा ठेवायचा हा माझा नेम, लग्नापासूनचा. डोंगरातून येणारे शिकारी बांबू तिथेच टेकवत. खांदा बदलायचा, दम घ्यायचा, आणि उठण्याआधी शिकारीतला पहिला वाटा पानावर ठेवायचा. कुणाला आठवण करून द्यावी लागत नसे. थकलेला माणूस थांबतोच.

सॅक घेऊन पहिल्यांदा गेला, तो पहाटे ताजातवाना परत आला. सदरा काढून खांदा दाखवला. साधा लालही झाला नव्हता. मी मनात हात जोडले.

सांजेला दिवा घेऊन गेले, तर दगडापुढे पान नव्हतं.

"वाटा न्हाय ठेवला?" घरी येऊन विचारलं.

"अगं, थांबलोच न्हाय. दमलोच न्हाय तर थांबायचं कशाला? पुढच्या टायमाला ठेवू."

सॅक धुऊन मी खिळ्यावर टांगली. दुसऱ्या सकाळी तिचे पट्टे टोकापर्यंत सैल झालेले. मी ओढून माप लावलं. परत तेच. स्वस्तातली वस्तू, सरकत असेल, असं वाटलं. पण ओझ्याने पट्टा सरकतो, आणि सॅक तर रिकामी होती. एवढा सैल पट्टा अंगाला बसायला देवूच्या दुप्पट पाठ लागली असती.

झाडायला म्हणून खाली काढली, तर दोन हात लावावे लागले. आत हात घातला. अस्तर कोमट होतं, नुकतंच कुणी अंथरुणातून उठून गेल्यासारखं.

"ती सोडा. बांबू न्या," मी म्हणाले.

"बांबू आता सोसंल का? दुप्पट वाटा ठेवतो, मग तर झालं?"

ठेवला त्याने. सांजेला मी बघितलं. पान जसंच्या तसं होतं. मांसाला मुंगी लागली नव्हती. पाड्यातला कुत्रा लांब बसून बघत होता, पुढे येत नव्हता.

पुढच्या खेपेला पट्टे मीच ओढून दिले. "घट्ट कर," देवू म्हणाला.

सकाळी विठूभावजी एकटेच आले. अंगणात बसले. पाण्याचा तांब्या दिला, तो हातातच राहिला.

"तो पुढं व्हता," ते म्हणाले. "दगडापाशी मी टेकलो. हाक मारली, थांब रं जरा. न्हाय थांबला. पाठीवरची सॅक दिसत व्हती. मंग..."

"मग काय, भावजी?"

"मंग नुसती सॅकच चालत व्हती."

पोलीस आले, जंगलखात्याची माणसं आली. ना देवू, ना सॅक, चप्पलसुद्धा मिळाली नाही. पाड्यातले म्हणतात, बिबट्या.

जाड कापडाची घेतली असती तर खांदा दुखला असता. तो थांबला असता. रोज हेच मनात येतं.

नेम सोडला नाही. दिव्याचं ते काय ओझं, तरी दगडाशी बसते, दम घेते, मगच उठते.

काल सांजेला दिवा ठेवून घरी आले.

सॅक खिळ्यावर होती.

विटलेली बाजू भिंतीकडे. कोरडी. स्वच्छ.

मी जवळ गेले. पट्टे सैल नव्हते. कुणीतरी बेताने ओढून माप लावलं होतं.

उजवा डाव्यापेक्षा आखूड होता.